गहाण पडलेली नॉर्मंडी : ड्यूक रॉबर्टची कारकीर्द

इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमचा थोरला मुलगा रॉबर्ट १०८७ ते ११०६ या काळात नॉर्मंडीचा ड्यूक होता, आणि इतिहासाच्या पुस्तकांत तो बहुधा आळशी, उधळ्या व दुबळा राज्यकर्ता म्हणूनच भेटतो. नॉर्मंडी हा फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील प्रदेश दहाव्या शतकाच्या प्रारंभी फ्रेंच राजाने रोलो या व्हायकिंग पुढाऱ्याला तोडून दिला होता. त्याचे वंशज पुढे ड्यूक म्हणवू लागले. ड्यूक नावाला राजाचा मांडलिक असला, तरी न्यायदान, नाणी पाडणे आणि कोणी किल्ला बांधावा हे ठरवणे हे अधिकार त्याच्याच हाती असत. यांपैकी किल्ल्यांचा अधिकार सर्वांत मोलाचा होता, आणि रॉबर्टच्या हातून पहिल्यांदा तोच निसटला.

रॉबर्टविषयीची पुष्कळशी माहिती ऑर्डरिक व्हिटालिस या मठवासी इतिहासकाराकडून मिळते. त्याचा संत-एव्हरू येथील मठ दक्षिण नॉर्मंडीत, भांडखोर सरदारांच्या ऐन वाटेवर असल्यामुळे ड्यूकच्या ढिलाईची झळ त्याने स्वतः सोसली होती, त्यामुळे त्याचा संताप खोटा म्हणता येत नाही. मात्र त्याने लिहिले ते रॉबर्टला कैद करून नॉर्मंडी घेणाऱ्या धाकट्या भावाच्या, म्हणजे पहिल्या हेन्रीच्या अमलात. आणि भावाचे राज्य बळकावणाऱ्या राजाला तो भाऊ नालायक होता हे सिद्ध होणे सोयीचेच होते. विदूषकांनी आणि वेश्यांनी कपडे पळवल्यामुळे ड्यूकला अंथरुणातून उठता येत नसे, ही ऑर्डरिकची गोष्ट म्हणूनच थोडी जपून वाचावी लागते.

रॉबर्ट बुटका आणि अंगाने भरलेला होता. ‘कर्थोज’, म्हणजे आखूड विजारीचा, हे त्याचे टोपणनाव त्यावरूनच पडले. विल्यमने त्याला आपला वारस म्हणून जाहीर केले आणि सरदारांकडून त्याच्याशी निष्ठेच्या शपथाही वाहवून घेतल्या. पण प्रत्यक्ष सत्ता, महसूल किंवा स्वतःचे सैनिक पोसण्याइतके उत्पन्न मात्र दिले नाही. पंचविशी गाठलेल्या वारसाला हे असह्य झाले. १०७७-७८ च्या सुमारास लेग्ल या गावी धाकट्या भावांनी माडीवरून त्याच्या अंगावर पाणी ओतले आणि त्या भांडणातून त्याने बंड पुकारले, असे ऑर्डरिक सांगतो. पाणी हे निमित्त होते, मूळ दुखणे रिकाम्या तिजोरीचे होते. १०७९ च्या आरंभी जेर्बरुआच्या वेढ्यात विल्यमचा घोडा मारला गेला आणि तो स्वतः मुलाच्या सैन्याशी लढताना जखमी झाला. राणी माटिल्डा या काळात नवऱ्याच्या नकळत मुलाला सोने-चांदी पाठवत होती. ते उघड झाल्यावर तिचा जासूद जीव वाचवण्यासाठी पळाला आणि संन्यासी झाला, तोही नेमका ऑर्डरिकच्याच मठात.

सप्टेंबर १०८७ मध्ये विल्यम वारला तेव्हा वडिलोपार्जित नॉर्मंडी रॉबर्टकडे, जिंकून मिळवलेले इंग्लंड दुसऱ्या हयात मुलाकडे, म्हणजे विल्यम रूफसकडे, आणि धाकट्या हेन्रीकडे केवळ रोख रक्कम गेली. या वाटणीतच पुढच्या सगळ्या युद्धांचे बीज होते. मोठ्या सरदारांच्या जमिनी इंग्लंड आणि नॉर्मंडी यांच्यामधल्या खाडीच्या दोन्ही तीरांवर पसरल्या होत्या, आणि दोन धन्यांची चाकरी करताना एकाची मर्जी राखली की दुसऱ्याकडची जमीन धोक्यात येई. त्यामुळे दोन्ही तीर एकाच धन्याखाली यावेत हे सरदारांच्याच हिताचे होते. प्रश्न एवढाच होता की तो धनी कोण, आणि येथे पैशाचे पारडे निर्णायक ठरले. इंग्लंडच्या राजाकडे जमिनीच्या मापावर देशभर बसवलेला ‘गेल्ड’ हा कर होता. नॉर्मंडीच्या ड्यूककडे त्याच्या तोडीचे काहीच नव्हते. रूफसने चांदी वाटून पूर्व नॉर्मंडीतले सरदार फोडले, तर रॉबर्टला पैशासाठी पश्चिमेचा कोतांतँ प्रदेश हेन्रीच्या हवाली करावा लागला.

ड्यूकच्या जुन्या हक्कांची, त्यात किल्ल्यांवरील नियंत्रणाचीही, एक यादी याच सुमारास काँ येथे लिहून काढली गेली. उघड्या जमिनीवर खंदक खणायचा तर तळाशी उभ्या असलेल्या माणसाला मधल्या टप्प्याशिवाय माती वर फेकता येईल, त्याहून खोल खणू नये, असे तीत नमूद आहे. विल्यमच्या काळात हा नियम पाळला जात होता. रॉबर्टच्या काळात तो कागदावर उतरवावा लागला, यातच किल्ल्यांवरची ड्यूकची पकड किती सुटली होती हे दिसते.

मग १०९५ मध्ये पोप दुसऱ्या अर्बनने जेरुसलेमच्या धर्मयुद्धाची हाक दिली. रॉबर्टने १०,००० मार्कांच्या मोबदल्यात अख्खी नॉर्मंडी रूफसकडे गहाण टाकली (एक मार्क म्हणजे दोन तृतीयांश पौंड चांदी) आणि १०९६ च्या शरदात तो पूर्वेकडे निघाला. ती रक्कम उभी करताना इंग्लंडात कराचा बोजा इतका वाढला की चर्चमधली सोन्या-चांदीची उपकरणेही मोडीत निघाली. घरी डळमळणारा हा माणूस मोहिमेत मात्र खंबीर निघाला. जुलै १०९७ मध्ये डोरिलियमजवळ तुर्की घोडेस्वारांनी घेरल्यावर मागे हटणाऱ्या सैनिकांना थोपवणाऱ्यांत तो होता; अँटिऑकच्या दीर्घ वेढ्यात, १०९९ च्या जुलैत जेरुसलेम घेताना आणि ऑगस्टमध्ये अस्कलॉनच्या लढाईतही त्याने आघाडी सांभाळली. लढाई आणि राज्यकारभार यांना लागणारे गुण वेगळे असतात हे खरे. पण जो नेता वर्षानुवर्षे उपासमारीत सैन्य एकत्र ठेवतो, त्याला केवळ आळशी ठरवणे पटत नाही.

परतताना दक्षिण इटलीत त्याने कॉन्व्हेर्सानोच्या सिबिलाशी विवाह केला, आणि तिच्या हुंड्यातून गहाण सोडवायचे होते. तो वाटेत असतानाच २ ऑगस्ट ११०० रोजी रूफस शिकारीत बाण लागून मरण पावला. हेन्री तेथेच होता. त्याने तातडीने राजकोष ताब्यात घेतला आणि तिसऱ्या दिवशी राज्याभिषेक करवून घेतला. काही आठवड्यांच्या उशिराने थोरल्या रॉबर्टच्या हातून इंग्लंडचे सिंहासन गेले. ११०१ मध्ये सैन्य घेऊन तो पोर्ट्समथला उतरला खरा, पण लढण्याऐवजी वार्षिक ३,००० मार्कांच्या तनख्यावर त्याने तह केला, आणि दोनच वर्षांत हेन्रीच्या दबावाखाली तो तनखाही सोडून दिला. त्याच्या दुबळेपणाचा आरोप कोठे खऱ्या अर्थाने टिकत असेल, तर येथे. ११०३ मध्ये सिबिला वारली. ११०५ मध्ये हेन्रीने नॉर्मंडीत उतरून बायो शहर जाळले. आणि २८ सप्टेंबर ११०६ रोजी तँशब्रे येथे हेन्रीने आपले कित्येक घोडेस्वार पायउतार करून मधली फळी भक्कम केली, तर बाजूला राखून ठेवलेल्या घोडदळाने रॉबर्टच्या सैन्यावर अचानक धडक दिली. थोड्याच वेळात सगळे आटोपले आणि ड्यूक कैद झाला.

त्यानंतर सत्तावीस वर्षे रॉबर्ट इंग्लंड-वेल्समधील किल्ल्यांत नजरकैदेत होता. फेब्रुवारी ११३४ मध्ये, ऐंशीच्या घरात, तो कार्डिफला वारला आणि ग्लॉस्टरच्या मठात त्याचे दफन झाले. त्याचा मुलगा विल्यम क्लिटो याने वारसा परत मिळवण्यासाठी वारंवार झुंज दिली आणि ११२८ मध्ये जखमी होऊन प्राण सोडले. हेन्रीचा एकुलता औरस मुलगाही ११२० मध्येच जहाज फुटून बुडाला होता. त्यामुळे ११३५ मध्ये हेन्री वारला तेव्हा त्याची मुलगी माटिल्डा आणि भाचा स्टीफन यांच्यात वारसायुद्ध पेटले, ११४४ पर्यंत नॉर्मंडी माटिल्डाच्या पतीच्या हाती गेली, इंग्लंडचा मुकुट स्टीफनकडे राहिला, आणि दोन्ही तीरांवर जमिनी असलेल्या सरदारांना पुन्हा एकदा धनी निवडावा लागला.