अवकाशीय अंतर्वेशन

अवकाशीय अंतर्वेशन म्हणजे मोजक्या ठिकाणी घेतलेल्या मोजमापांवरून त्यांच्या दरम्यानच्या, न मोजलेल्या ठिकाणांच्या मूल्यांचा अंदाज काढणे होय. भौगोलिक माहिती प्रणालीत पर्जन्यमापक, निरीक्षण विहिरी अशा बिंदूंच्या नोंदींवरून चौकोनी घरांचे सलग जाळे, म्हणजेच रास्टर पृष्ठ, या रीतीने तयार केले जाते. जवळची ठिकाणे दूरच्या ठिकाणांपेक्षा परस्परांशी अधिक मिळतीजुळती असतात, हे गृहीतक त्यामागे असते.

प्रमुख पद्धती

थीसेन बहुभुज: प्रत्येक घराला सर्वांत जवळच्या बिंदूचे मूल्य दिले जाते. आल्फ्रेड थीसेन यांनी १९११ मध्ये ही पद्धत सरासरी पर्जन्यमान काढण्यासाठी सुचवली. बहुभुजांच्या सीमेवर मूल्य एकदम बदलते.

व्यस्त अंतर भारित पद्धत: बिंदू जितका जवळ, तितका त्याचा भार अधिक. भार बहुधा अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घेतात. अंदाज नोंदींच्या किमान व कमाल मूल्यांच्या आतच राहतो. त्यामुळे न मोजलेले शिखर नकाशात उमटत नाही. एकाकी बिंदूंभोवती मात्र कृत्रिम वर्तुळे दिसतात.

स्प्लाइन: सर्व बिंदूंमधून कमीत कमी वाकणारे गुळगुळीत पृष्ठ बसवले जाते. मूल्ये झपाट्याने बदलत असल्यास ते मर्यादेबाहेर जाऊन ऋण पर्जन्यासारखे अशक्य आकडेही देऊ शकते.

क्रिगिंग: दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत डॅनी क्रिग यांनी केलेल्या कामावरून जॉर्ज मॅथेरॉन यांनी ही पद्धत विकसित केली. अंतरानुसार मूल्यांतील फरक कसा वाढतो हे आधी नोंदींवरून तपासून त्यावरून भार ठरवले जातात. अंदाजासोबत त्याची संभाव्य चूकही मिळते. मात्र बिंदू फार थोडे असल्यास हा आधार डळमळीत होतो.

पद्धतीची निवड

सर्वत्र उत्तम ठरणारी एकच पद्धत नाही. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेला सुमारे २५ किलोमीटरवरील वाईत १,००० मिलिमीटरपेक्षा कमी. मधल्या भागात पुरेसे पर्जन्यमापक नसतील, तर केवळ अंतर पाहणारी पद्धत महाबळेश्वरचा पाऊस पर्जन्यछायेतील गावांवरही पसरवते आणि कोरडवाहू भाग नकाशात ओला दिसतो. अशा वेळी उंची व घाटमाथ्यापासूनचे अंतर विचारात घेणारे क्रिगिंगचे प्रकार उपयोगी पडतात.

पडताळणीसाठी एकेक बिंदू वगळून उरलेल्यांवरून त्याचे मूल्य काढतात व प्रत्यक्ष नोंदीशी ताडून पाहतात. नकाशाचा गुळगुळीतपणा हा अचूकतेचा पुरावा नव्हे. घरांचा आकार लहान केल्यानेही नवी माहिती निर्माण होत नाही.