संडासाला हवेचा पाईप हवाच

द्वारका परिसरातल्या वस्त्यांत रस्ता दर डांबरीकरणाला वर चढतो, घर खाली राहते. अशा खोलगट खोलीत नवा संडास बांधताना फरशीला पैसे पुरतात, हवेचा पाईप मात्र राहून जातो.

भांड्याखालच्या वाकात साचलेले पाणी टाकीतला वायू अडवते. बादली ओतल्यावर मागून हवा मिळाली नाही, तर तेच पाणी ओढले जाते आणि वायू घरात शिरतो. गुडगुड आवाज ही त्याची खूण.

आम्ही घरभेटीत सांगतो: निदान ५० मिलिमीटरचा पाईप लावा. टाकी घराला लागून असेल, तर त्याचे तोंड छताच्या दोन मीटर वर न्या. तोंडाला बारीक जाळी बांधा. टाकीत क्युलेक्स डास वाढतात, तेच हत्तीरोग पसरवतात.

सडक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा. हा वायू फार वाढला, की नाकाला वासच कळेनासा होतो. म्हणून पाईप असला, वास नसला, तरी टाकीत कोणी उतरू नये. सुरक्षा साधनांविना माणसाला टाकीत उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. उपशाला गाडीच बोलवा. अशा टाक्यांत आपलीच माणसे मेली आहेत. आपल्या घरची टाकी कुणाचा जीव घेणार नाही, एवढे तरी आपण ठरवू या.