पणजी व जुने गोवे : प्रथम जाणाऱ्यांस चार सूचना

भूगोलाच्या पुस्तकात स्पेन देशातील एखाद्या शहराचे चित्र आले की आमचे विद्यार्थी ते पान लवकर उलटीत नाहीत. अरुंद गल्ल्या, पिवळ्या व निळ्या भिंती, सज्जांवरून झुकलेल्या फुलवेली आणि चौकात उभे असलेले उंच प्रार्थनामंदिर पाहून "असे शहर आपल्याला कधी पाहावयास मिळेल काय?" असा प्रश्न कोणी ना कोणी विचारतोच. स्पेनचा प्रवास आपणांपैकी फारच थोड्यांच्या आवाक्यातील आहे. परंतु त्याच परंपरेत घडलेले एक शहर आपल्याच देशात, आगगाडीने जाता येईल इतक्या अंतरावर आहे. ते म्हणजे गोव्याची राजधानी पणजी व तिच्या शेजारचे जुने गोवे. तेथे प्रथमच जाणाऱ्या विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना उपयोगी पडतील अशा काही सूचना येथे देण्याचे आम्ही योजिले आहे.

गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता, मग स्पेनशी त्याचा संबंध कोणता, असे कोणी विचारील. पोर्तुगाल व स्पेन हे एकाच द्वीपकल्पातील शेजारी देश होत. आफोन्सो द अल्बुकर्क याने १५१० साली विजापूरच्या आदिलशहाकडून गोवा जिंकून घेतला. पुढे १५८० पासून १६४० पर्यंत पोर्तुगालचे सिंहासन स्पेनच्या राजांकडेच होते, आणि जुन्या गोव्यातील कित्येक इमारती नेमक्या याच काळात उभ्या राहिल्या. ज्यांच्या पार्थिव देहाच्या दर्शनासाठी देशोदेशीचे भाविक तेथे येतात, ते सेंट फ्रान्सिस झेवियर हेही आजच्या स्पेनमधील नावार प्रांतात १५०६ साली जन्मले होते.

आता प्रवासाविषयी. पांढुर्ण्याचे स्थानक नागपूर-इटारसी मार्गावर असल्यामुळे प्रथम नागपूर गाठावे व तेथून पुढील गाडीची योजना करावी. पणजीला स्वतःचे रेल्वे स्थानक नाही. कोकण रेल्वेची थिवी, करमळी व मडगाव ही स्थानके सोयीची असून त्यांपैकी करमळी हे जुन्या गोव्याच्या अगदी जवळ आहे. मडगावहून पणजी सुमारे ३३ किलोमीटर पडते. जून ते सप्टेंबर या महिन्यांत तेथे मुसळधार पाऊस असतो. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस झेलणारा तो प्रदेश आहे. म्हणून प्रथम जाणाऱ्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. ३ डिसेंबर हा सेंट झेवियर यांचा पुण्यदिन. त्या सुमारास जुन्या गोव्यात मोठी जत्रा भरते. गर्दी टाळावयाची असल्यास तो आठवडा सोडून जावे.

दुसरी गोष्ट वेळेची. दुपारी एकपासून चारपर्यंत पणजीतील पुष्कळ जुनी दुकाने बंद असतात. जेवणानंतर विसावा घेण्याची ही रीत स्पेन व पोर्तुगाल या दोन्ही देशांत पूर्वापार चालत आलेली आहे. हा आळस आहे असे समजून नाक मुरडू नये. वैशाखातील भर दुपारी आपला संत्र्याचा बागाईतदारही झाडाखाली अंग टाकतोच. शहाण्या प्रवाशाने सकाळी लवकर बाहेर पडावे, दुपारी विश्रांती घ्यावी आणि उन्हे उतरल्यावर पुन्हा हिंडावे.

पहिला दिवस जुन्या गोव्याला द्यावा. पणजीहून हे अंतर सुमारे दहा किलोमीटर आहे. बस मांडवीच्या काठाने, रायबंदरच्या बाजूने जाते. वाटेत लागणारा लांबच लांब बांध १६३३-३४ च्या सुमारास, म्हणजे स्पेनच्या राजांच्या अमदानीतच बांधलेला आहे. जुन्या गोव्यात उतरल्यावर प्रथम नदीकाठच्या व्हाइसरॉयच्या कमानीपाशी जावे. लिस्बनहून येणारा प्रत्येक नवा व्हाइसरॉय गलबतातून उतरून याच कमानीखालून नगरात प्रवेश करी. तेथून जवळच आदिलशहाच्या वाड्याचे एक काळ्या दगडाचे दार उभे आहे. वाडा गेला, दार राहिले. पोर्तुगिजांच्या आधीही येथे एक नगर होते, याची साक्ष ते देते.

पुढे से कॅथेड्रल. अल्बुकर्कचा विजय सेंट कॅथरिनच्या सणाच्या दिवशी झाला, म्हणून हे मंदिर तिच्या नावे आहे. १५६२ मध्ये आरंभिलेले काम १६१९ मध्ये पुरे झाले. पूर्वी यास दोन मनोरे होते. त्यांतील एक १७७६ मध्ये कोसळला. उरलेल्या मनोऱ्यात प्रसिद्ध सुवर्णघंटा आहे. रस्त्याच्या पलीकडे बॉम जेझस बॅसिलिका आहे. हिचा आरंभ १५९४ चा व प्रतिष्ठापना १६०५ ची. तिच्या बाहेरील जांभ्या दगडाला गिलावा नाही, त्यामुळे त्या तांबूस भिंती आपणांस पाहताक्षणी ओळखू येतात. आत सेंट झेवियर यांची समाधी आहे. ते १५४२ मध्ये गोव्यात आले आणि दहा वर्षांनी चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर निवर्तले. त्यांचा देह ज्या चांदीच्या पेटीत ठेवला आहे ती गोव्यातील कारागिरांनी घडविली, आणि तिच्या खालचा संगमरवरी चौथरा इटलीतील तस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठविला. दर दहा वर्षांनी ही पेटी दर्शनासाठी खाली आणतात. मागील दर्शनसोहळा २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत झाला.

या मंदिरांत कसे वागावे, हे आम्ही निराळे सांगावयास नको. सौसरजवळच्या जामसावळीस हनुमानाच्या दर्शनाला गेल्यावर आपण जसे वागतो तसेच येथे वागावे. एवढाच फरक की, येथे पादत्राणे काढावी लागत नाहीत, परंतु डोक्यावरील टोपी मात्र काढावी. खांदे व गुडघे झाकलेले असावेत. प्रार्थना चालू असल्यास मागील बाकावर शांत बसावे, छायाचित्रे घेऊ नयेत. पुरातत्त्व खात्याचे संग्रहालयही येथेच आहे. ते शुक्रवारी बंद असते, हे ध्यानात ठेवून दिवस ठरवावा.

परत फिरण्यापूर्वी शेजारच्या टेकडीवर सेंट ऑगस्टिनच्या मंदिराचा भग्न मनोरा आहे, तो अवश्य पाहावा. मूळचा मनोरा सुमारे ४६ मीटर उंच होता. १८३५ मध्ये धर्मसंघांना गोवा सोडावा लागला, देखभाल थांबली, १८४२ मध्ये छत कोसळले आणि १९३१ मध्ये मनोऱ्याचाही मोठा भाग पडला. आज त्याचा अर्धाच भाग उभा आहे. तेथे उभे राहिले म्हणजे मनात येते की, एवढे वैभवशाली नगर ओस का पडले? कोणा शत्रूने ते जाळले नाही. दाट वस्ती, सांडपाण्याची दुर्व्यवस्था आणि सच्छिद्र जांभा खडक यांमुळे घाण विहिरींच्या पाण्यात उतरे. पटकी व हिवताप यांच्या साथी एकामागून एक येत राहिल्या आणि लोक घरे सोडून गेले. व्हाइसरॉयने आपला मुक्काम १६९५ मध्ये पणेलीस व १७५९ मध्ये पणजीस हलविला, आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. ज्या गावाने आपले पाणी राखले नाही ते गाव चर्च राखूनही वाचले नाही. जाम नदीच्या काठी राहणाऱ्या आपण हा धडा विसरू नये.

दुसरा दिवस पणजीचा. चौकातील पांढऱ्या चर्चच्या नागमोडी पायऱ्या आपण चित्रांतून पाहिलेल्या असतात. तेथील मोठी घंटा ही मूळची सेंट ऑगस्टिनच्याच मंदिरातील आहे. आदल्या दिवशी भग्न मनोरा पाहिलेला असला म्हणजे या घंटेचा नाद निराळा वाटतो. मांडवीकाठी आदिलशहाचा जुना राजवाडा आहे. त्याच्या शेजारी आबे फारिया यांचा पुतळा आहे. १७५६ मध्ये गोव्यात जन्मलेल्या या धर्मगुरूने पॅरिसमध्ये संमोहनविद्येचा अभ्यास करून नाव मिळविले. तेथून आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या फोंताइन्हास या वस्तीत जावे. स्पेनच्या चित्रातील गल्ली ती हीच! रंगीत भिंती, लोखंडी कठड्यांचे सज्जे, काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने बसविलेल्या खिडक्या आणि निळ्या चकाकत्या फरशीवर लिहिलेली रस्त्यांची नावे, सारे काही येथे आहे.

पण येथे आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. पहिल्या भेटीत आम्ही चौघे त्या गल्लीत शिरलो आणि हर्षभराने छायाचित्रे घेऊ लागलो. आमच्यातील एक जण एका घराच्या पायरीवर बसला, दुसऱ्याने उघड्या खिडकीतून आत डोकावून पाहिले. तोच दार उघडले आणि एक वृद्ध बाई बाहेर आल्या. आवाज न चढविता त्या म्हणाल्या, "बाळांनो, हे घर आहे, प्रदर्शन नव्हे. पाहायचे असेल तर हाक मारा, मी दार उघडीन." आमच्या माना खाली गेल्या. आम्ही क्षमा मागितली. तेव्हा त्यांनीच आम्हांला आत बोलावून शिंपल्यांच्या खिडक्या दाखविल्या आणि पाणी दिले. त्या दिवसापासून आमचा नियम झाला आहे : आधी नमस्कार, मग परवानगी आणि मग छायाचित्र.

तिसरा दिवस मिळाल्यास फोंड्याकडे जावे. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन नावाचे कठोर धर्मन्यायालय सुरू झाले आणि मध्यंतरीची काही वर्षे सोडता ते १८१२ पर्यंत चालले. त्या शतकात देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा भाविकांनी आपले देव रातोरात पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर नेले. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा अशाच प्रकारे फोंडा महालात आली. तरीही गंमत अशी की, पुढे तेथे बांधलेल्या देवळांच्या घुमटांत व खिडक्यांत चर्चच्या बांधणीची छाया दिसते. इतिहासातील दुःख विसरू नये, परंतु त्याचा राग आजच्या शेजाऱ्यावर काढू नये. हे गोवेकरांकडून शिकावे. तेथे एका दारात तुळशीवृंदावन तर शेजारच्या दारात क्रूस असतो.

भाषेची चिंता नको. कोकणी ही तेथील राजभाषा, आणि १९८७ च्या कायद्याने मराठीलाही शासकीय कामकाजात स्थान आहे. सावकाश बोललेली मराठी बहुतेकांना समजते. शिवाय पोर्तुगीज भाषा आपल्या घरी आधीच येऊन राहिली आहे. पाव, बटाटा, काजू, चावी, पगार, नाताळ हे शब्द तिचेच, आणि हापूस आंब्याचे नावही आफोन्सोवरून आलेले. सकाळी भोंगा वाजवीत सायकलवरून येणाऱ्या पोदेराकडून गरम पाव अवश्य घ्यावा. शाकाहारी मंडळींनी जेवण मागविण्यापूर्वी स्पष्ट विचारून घ्यावे, कारण तेथे मासळी हे रोजचे अन्न आहे. आणि समुद्राविषयी एक कळकळीची सूचना : नदीत पोहता येते म्हणून समुद्रात पोहता येते असे नाही. किनाऱ्यावर लाल निशाण असेल तेथे पाण्यात पाऊलही टाकू नये.

शेवटी एक विचार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे पांढुर्णा व सावरगाव यांच्यामध्ये गोटमार होते. ती पाहावयास दूरदूरचे लोक येतात, तासभर थांबतात आणि पांढुर्णा म्हणजे दगडफेक असे सांगत परत जातात. त्या दिवशीच्या जखमा खऱ्या आहेत, त्यांचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु वर्षाचे उरलेले दिवस आपली संत्र्याची बाग, आपली शाळा, आपले भजन त्यांना कधी दिसतच नाही, याचे आपणांस वाईट वाटते. गोव्याचेही तसेच आहे. समुद्रकिनारा आणि मद्य एवढेच पाहून परतणाऱ्याने गोवा पाहिलेला नसतो. आपल्याविषयी परक्याने जसा विचार करावा असे आपणांस वाटते, तसाच आपण परक्याच्या गावाविषयी करावा. एवढी शिदोरी बरोबर असली म्हणजे पणजीच नव्हे, उद्या योग आला तर स्पेनचे शहरही आपणांस परके वाटणार नाही.