नाईकाची हाक आणि संबळाचा ठेका

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील मौजे चुडावा हे निजामाच्या अमदानीत घातलेल्या मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर, पूर्णा व नांदेड यांच्या दरम्यान वसलेले गाव. या टापूच्या एका अंगाला माहूरची रेणुका आणि दुसऱ्या अंगाला तुळजापूरची भवानी अशी दोन शक्तिपीठे असल्यामुळे, लग्नकार्य निर्विघ्न पार पडले म्हणजे कुलस्वामिनीचा गोंधळ घालण्याची वहिवाट इथल्या असंख्य घरांतून चालत आली आहे. ज्यांच्याकडे हे कार्य परंपरेने आले त्या गोंधळ्यांतही रेणुराई आणि कदमराई असे दोन भेद आहेत. पहिले रेणुकेचे उपासक, दुसरे भवानीचे.

अमेरिकेतील ग्रामीण नृत्यसभांतून ‘कॉलर’ नावाचा एक मनुष्य नाचणाऱ्यांना पुढचे पाऊल मोठ्याने सांगत असतो आणि त्याच्या शेजारचा फिडलवादक त्या सांगण्याला सुरांची साथ करीत असतो. आपल्या गोंधळातला नाईक वरकरणी तसाच भासतो. परंतु त्याची हाक माणसांना नसते, देवतांना असते. चौरंगावर तांदूळ पसरून घट मांडला, त्यावर नागवेलीची पाने व नारळ ठेवला, देवीचा टाक पुजला आणि दिवटी पाजळली की, गणाचे गायन आटोपून, नाईक गावोगावच्या देवदेवतांना स्थळनामासह नावाने पुकारून गोंधळाला येण्याचे आवाहन करू लागतो. मागे उभे असलेले झीलकरी प्रत्येक नावामागून पालुपद उचलतात, तुणतुण्याची एकच तार अखंड षड्ज धरून राहते, आणि जमलेली मंडळी उदोकार करतात. नावांची ही मालिका लांबवावी की आखडावी, हे कोठेही लिहिलेले नसते. यजमानाचे कुळ, गावचे दैवत आणि रात्रीचा उरलेला प्रहर पाहून नाईक ते मनाशी मुक्रर करतो, आणि संबळ वाजवणाऱ्याला ते त्याच्या तोंडून नव्हे, तर त्याच्या श्वासावरून ओळखावे लागते.

संबळ हे कमरेशी बांधून वाजवायचे जोडवाद्य आहे. एक भांडे लहान व चढ्या आवाजाचे, दुसरे थोडे मोठे व खर्जाचे. दोन्ही तोंडे चामड्याने मढवलेली आणि दोऱ्यांनी आवळलेली. दोन काठ्यांपैकी एकीचे टोक आकड्यासारखे वाकलेले असते आणि खर्जाच्या तोंडावर ती पडली की घुमारा उठतो. नाईक एखादे नाव ओढून म्हणत असला की वादक लहान तोंडावर हलकी टिपरी चालू ठेवतो, शब्द झाकोळू देत नाही. मात्र चरण संपून नाईकाचा पाय उचलला गेला की त्याच क्षणी खर्जाचा घाव पडला पाहिजे. तो क्षणभर उशिरा पडला तर पायातले घुंगरू एकीकडे आणि ठेका दुसरीकडे जातो. शब्दांवर सत्ता नाईकाची आणि पावलांवर संबळाची, अशी ही वाटणी असून तीत कोणी कोणाचा चाकर नाही, असे माझे मत आहे. कारण ठेका दुगुणीत गेला की नाईकालाही गाणे सोडून गिरकी घ्यावी लागते, आणि नाईकाने हात वर करून कथा सुरू केली की संबळाला मौन पत्करावे लागते.

उत्तररंगात आख्यान लागते, तेव्हा साथीदारांपैकी एक जण मध्येच प्रश्न विचारतो, शंका काढतो, कधी थट्टाही करतो. त्या उत्तरप्रत्युत्तरांत नाईकाला विसावा मिळतो आणि कथेचा पुढचा धागा सापडतो. डोळ्यांच्या व बोटांच्या खुणांनी परस्परांशी बोलण्याची नेत्रपल्लवी व करपल्लवी ही विद्याही गोंधळ्यांजवळ आहे. श्रोत्यांतील एखाद्याने एकाच्या कानात सांगितलेले नाव तो केवळ बोटांच्या हालचालींनी दूर उभ्या असलेल्या साथीदाराला कळवतो, आणि साथीदार ते भर सभेत उच्चारून दाखवतो. लोक याकडे चमत्कार म्हणून पाहतात. मला त्यात अधिक मोलाचे दिसते ते हे की, ज्यांना बोटांच्या पेऱ्यांवरून अख्खे नाव वाचता येते, त्यांना ताल बदलण्याची सूचना देण्यासाठी गाणे थांबवावे लागत नाही.

ही परंपरा मोठ्या पल्ल्याची आहे. बेटासुराचा वध करून परशुरामाने त्याच्या मस्तकाचे वाद्य बनवले आणि ते वाजवीत माता रेणुकेला वंदन केले, तोच पहिला गोंधळ, अशी आख्यायिका गोंधळी सांगतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 12व्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात गोंडली नृत्याचा निर्देश असून त्याचा संबंध अभ्यासकांनी गोंधळाशी जोडला आहे. अलीकडच्या काळात परभणीचेच राजारामबापू कदम यांना लोकांनी आदराने ‘गोंधळमहर्षी’ म्हटले.

आता पुष्कळ विवाह मंगल कार्यालयांतून होतात, जागा रिकामी करण्याची वेळ ठरलेली असते, आणि गोंधळ रात्रभर चालण्याऐवजी तास-दीड तासात आटोपावा लागतो. अशा वेळी नाईक बहुधा आख्यानाला कात्री लावतो, आवाहन व आरती तेवढी राखतो. विधी पुरा होतो, बिदागीही मिळते. कोठे कोठे ध्वनिमुद्रित गोंधळगीते लावून भागवण्याचीही तजवीज होते. पण मुद्रित संबळ यजमानाच्या कुलदैवताच्या नावापाशी थांबत नाही, दिवटीत तेल घालायला उशीर झाला तर ठेका लांबवीत नाही, आणि गर्दीतल्या कोणा म्हातारीने आपल्या गावच्या देवीचे नाव राहिल्याची आठवण करून दिली तर ते नाव मालिकेत घेऊ शकत नाही. कार्यालयाची वेळ पाळणे भाग असेल तर वाढपाची पंगत अर्धा तास आधी बसवावी, आणि वाचलेला तो अर्धा तास आख्यानाला द्यावा. यजमानांनी मनावर घेतले तर एवढे करणे अवघड नाही.