जुना नकाशा आणि एक नाव

नागपुरात हवाई दलाच्या देखभाल विभागाचे मुख्यालय आहे. त्यामुळे आमच्या कुहीकडच्या मुलांना विमानाचे भारी कौतुक. भूगोलाच्या तासाला नकाशा उघडला की आम्ही त्यांना दिलीप परुळकरांची हकीकत सांगतो.

१९६५ च्या युद्धात परुळकरांच्या विमानाला शत्रूचा मारा लागला, उजवा खांदा जखमी झाला. छत्रीने उडी मारा, असा सल्ला प्रमुखाने दिला. त्यांनी मोडके विमान तसेच तळावर आणून उतरवले. वायुसेना पदक मिळाले. पुढे १० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे सुखोई विमान पाडले गेले. या वेळी छत्रीने उतरले ते पाकिस्तानात, आणि रावळपिंडीच्या छावणीत कैदी झाले.

ऑगस्ट १९७२ च्या एका वादळी रात्री गरेवाल आणि हरीश सिन्हजी या साथीदारांसह ते कोठडीची भिंत फोडून निसटले. बसने पेशावर, तिथून लंडी कोतल. अफगाण सरहद्द काही मैलांवर राहिली होती. तेथे त्यांनी लंडी खानाची वाट विचारली. नकाशात ते रेल्वे स्टेशन होते. प्रत्यक्षात ती गाडी १९३२ सालीच बंद झाली होती. बंद पडलेल्या स्टेशनाची वाट विचारणारे हे कोण? लोकांना संशय आला आणि तिघे पकडले गेले.

त्या कबायली मुलुखात हेर समजून जीव जाण्याचीच भीती होती. परुळकरांनी एका माणसाला फोन लावण्याची विनंती केली: छावणीचे माजी प्रमुख स्क्वाड्रन लीडर उस्मान. याच उस्मानसाहेबांनी नाताळला कैद्यांसाठी केक आणला होता. आता ते पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांच्या पदरी होते. फोन लागला, ओळख पटली, तिघांचे प्राण वाचले. १ डिसेंबर १९७२ रोजी ते वाघ्याहून मायदेशी परतले. परुळकर ऑगस्ट २०२५ मध्ये वारले.

बद्रच्या लढाईतील लिहिता-वाचता येणाऱ्या कैद्यांनी मदिनेच्या मुलांना अक्षर शिकवून सुटका मिळवली, हे आपल्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. कैदीही माणूसच, ही शिकवण आपल्याला नवी नाही. परुळकरांचे शौर्य मुलांना जरूर सांगावे. त्यासोबत हेही सांगावे, की संकटाच्या घडीला त्यांना ज्याचा भरवसा वाटला, तो त्यांच्याशी भलेपणाने वागलेला शत्रूचा अधिकारी होता.