ऊन लागते तेव्हा पेशीत काय घडते?

२३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंश सेल्सिअसवर गेला होता. पंचेचाळीसच्या पुढचा आकडा इथे फार कुणाला दचकवत नाही. दुपट्टा बांधायचा, कूलरमध्ये पाणी भरायचे आणि कामाला लागायचे. तरीही दर उन्हाळ्यात मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत उष्माघाताच्या रुग्णांसाठी वेगळी सोय करावी लागते. ऊन लागणे म्हणजे नेमके काय, याविषयी आपल्याकडे बरेच गैरसमज आहेत आणि त्यांतले काही जिवावर बेततात. पेशी उष्णतेला कसे तोंड देतात आणि कधी मरतात, यावर जीवरसायनशास्त्रज्ञांनी साठहून अधिक वर्षे काम केले आहे. त्या कामाच्या आधारे हे गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज १ : नागपुरात ५६ अंश तापमान झाले होते.

वस्तुस्थिती : मे २०२४ च्या अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने हा आकडा दाखवला आणि तो मोबाइलवरून देशभर फिरला. यंत्राचा संवेदक बिघडला होता, असे हवामान विभागाने नंतर स्पष्ट केले. जीव वाचवण्याच्या दृष्टीने मात्र हवेपेक्षा शरीराच्या आतले तापमान महत्त्वाचे असते. ते एरवी ३७ अंशांच्या आसपास राहते. ते ४० च्या वर गेले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याला झटके आले किंवा त्याची शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. घाम पूर्ण थांबण्याची वाट पाहू नये. उन्हात कष्टाचे काम करणाऱ्याला उष्माघात झाल्यावरही घाम येत असू शकतो.

गैरसमज २ : उष्माघातात शरीर आतून शिजते.

वस्तुस्थिती : अंड्याचा पांढरा भाग घट्ट व्हायला साठ अंशांहून अधिक उष्णता लागते. माणसाचे शरीर तिथवर कधीच पोहोचत नाही, त्याच्या पेशींचे नुकसान फार आधीच सुरू होते. आतले तापमान ४१.६ ते ४२ अंशांवर पाऊण तास ते आठ तास राहिले, तर इजा प्राणघातक ठरू शकते. म्हणजे तापमानाइतकाच वेळही निर्णायक असतो.

पेशीतली प्रथिने विशिष्ट घडीत असतात, तेव्हाच ती काम करतात. उष्णतेने ही घडी विस्कटते आणि विस्कटलेली प्रथिने एकमेकांना चिकटू लागतात. पेशी हे मुकाट्याने सोसत नाही. १९६२ मध्ये इटलीतले फेरुच्चो रितोसा फळमाशीच्या अळ्यांवर काम करत होते. प्रयोगशाळेतल्या उबवणी-पेटीचे तापमान चुकून वाढले आणि त्यांना गुणसूत्रांवर नव्याच जागी फुगवटे दिसले. उष्णता लागताच काही जनुके झपाट्याने कामाला लागली होती. या जनुकांपासून तयार होणारी प्रथिने १९७४ मध्ये ओळखता आली. त्यांना उष्माघात प्रथिने, म्हणजेच हीट शॉक प्रोटीन्स, असे नाव मिळाले. ती इतर प्रथिनांची घडी सावरतात आणि जी सावरता येत नाहीत त्यांची विल्हेवाट लावायला मदत करतात. आपल्याकडे बनारस हिंदू विद्यापीठात सुभाषचंद्र लाखोटिया यांनी फळमाशीच्याच पेशींचा उष्णतेला मिळणारा प्रतिसाद अनेक दशके अभ्यासला. जिवाणूपासून माणसापर्यंत हा बचाव सर्वत्र आढळतो.

गैरसमज ३ : पेशी मरणे नेहमी वाईटच.

वस्तुस्थिती : निरोगी शरीरात रोज अब्जावधी पेशी ठरल्याप्रमाणे मरतात. गर्भात बोटांमधला पडदा नाहीसा होतो तोही अशाच मृत्यूमुळे. या नियोजित मृत्यूला १९७२ मध्ये अ‍ॅपॉप्टोसिस हे नाव देण्यात आले. त्यात पेशी आक्रसते, तिचे तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात, त्यामुळे दाह होत नाही.

या मृत्यूचा एक इशारा देणारा रेणू म्हणजे सायटोक्रोम सी. भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांनी केंब्रिजमध्ये वनस्पतींच्या पेशींत दाखवला तो हाच रेणू, आणि त्या कामावर त्यांना १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली. तेव्हा तो पेशीच्या श्वसनातला एक घटक म्हणून ओळखला जाई. १९९६ मध्ये शाओडाँग वांग यांच्या प्रयोगशाळेने त्याची दुसरी बाजू उघड केली. मायटोकाँड्रियातून तो बाहेर सुटला की पेशीच्या नियोजित मृत्यूची साखळी सुरू होते.

उष्माघातात मात्र मृत्यूची दुसरी, विध्वंसक तऱ्हाही दिसते. तिच्यात पेशी फुटते, आतला ऐवज बाहेर सांडतो आणि दाह भडकतो. २०२२ मध्ये चिनी संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून याचा एक मार्ग ‘सायन्स’ नियतकालिकात मांडला. उष्णतेत बचावाची जनुके चालू करणारे एचएसएफ-१ हे प्रथिनच झेडबीपी-१ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचे प्रमाण वाढवते आणि ते पेशीला अशा मृत्यूकडे ढकलते. उष्णता थोडी असेल तर पेशी सावरते, हद्दीबाहेर गेली तर तीच यंत्रणा उलटते.

गैरसमज ४ : उन्हात गेले तरच ऊन लागते.

वस्तुस्थिती : टिनाच्या छताखाली, बंद खोलीत, अंथरुणावर पडून असलेल्या वृद्धालाही उष्माघात होतो. तान्ही बाळे, हृदयविकार किंवा मधुमेह असलेले आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे यांना धोका अधिक. रात्रही तापलेली राहिली तर शरीराला सावरायला उसंत मिळत नाही. कूलरवर सगळी भिस्त ठेवणेही बरोबर नाही. मेच्या कोरड्या हवेत तो उत्तम चालतो, पण जूनमध्ये हवा दमट झाली की पाण्याची वाफ होणे मंदावते. घामाचेही तसेच होते.

गैरसमज ५ : आम्हाला सवय आहे, आम्हाला काही होत नाही.

वस्तुस्थिती : सवय खरी असते, पण ती गावाच्या नावाने मिळत नाही. रोज थोडा थोडा वेळ उष्णतेत काम केले तर एक-दोन आठवड्यांत घाम लवकर सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जाते आणि पेशींत संरक्षक प्रथिनांचा साठा वाढतो. काही आठवडे गारव्यात काढले की ही तयारी ओसरते. एसीत बसणारा नागपूरकर आणि आज पहिल्यांदा बांधकामावर आलेला मजूर, दोघेही यात कच्चेच. आणि सवय असलेल्याच्याही पेशींना मर्यादा असतेच.

गैरसमज ६ : खिशात कांदा असला की ऊन लागत नाही.

वस्तुस्थिती : खिशातल्या कांद्याने शरीराचे तापमान कमी होत नाही. तो सोबत आहे म्हणून माणूस भर दुपारी निर्धास्त फिरतो, हा खरा तोटा. मीठ घातलेले ताक आणि कैरीचे पन्हे मात्र घामावाटे गेलेले पाणी आणि क्षार भरून काढतात. ती प्यावीत, पण ती प्रतिबंधासाठी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणीसुद्धा घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

गैरसमज ७ : अंग तापले आहे, पॅरासिटामॉल द्या.

वस्तुस्थिती : संसर्गाच्या तापात मेंदूच शरीराचे तापमान वाढवतो आणि गोळी त्या यंत्रणेवर काम करते. उष्माघातात तसे नसते. तिथे बाहेरची आणि आतली उष्णता निघून जात नाही, म्हणून गोळीचा उपयोग होत नाही. उलट आधीच दुखावलेल्या यकृतावर तिचा भार पडू शकतो. इथे गार करणे हेच औषध आहे.

गैरसमज ८ : अंग गार झाले, आता घरी जाऊ.

वस्तुस्थिती : अंग गार झाले तरी आतली इजा थांबलेली नसते. आतड्याचे अस्तर दुखावले की जिवाणूंची विषद्रव्ये रक्तात उतरतात. यकृताची इजा रक्ततपासणीत एक ते तीन दिवसांनी सर्वाधिक दिसते. मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, रक्त गोठण्याची क्रिया बिघडू शकते. लहान मेंदूतल्या पुरकिंजे पेशी उष्णतेला फार नाजूक असतात. त्या मेल्या तर काहींचा चालण्यातला तोल कायमचा जातो. म्हणून रुग्णाला दवाखान्यात देखरेखीखाली ठेवणे आवश्यक असते.

उष्माघात झालेल्या माणसाला पहिल्या अर्ध्या तासात गार करता आले तर वाचण्याची शक्यता खूप वाढते. त्याला सावलीत आणा, कपडे सैल करा, सगळे अंग पाण्याने भिजवून जोरात वारा घाला. बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघांत ठेवा. १०८ ला फोन करा, पण रुग्णवाहिका येईपर्यंत हात थांबवू नका. कामावर मजूर लावणाऱ्यांनी दुपारची सुट्टी, सावली आणि पाणी द्यावे. नव्या माणसाकडून पहिले काही दिवस कमी काम घ्यावे. उन्हाने होणारे बहुतेक मृत्यू टाळता येतात, आणि ते टाळणे आपल्या सगळ्यांचे काम आहे.