हायब्रिडची ‘बॅटरी गेली’ म्हणजे नेमकी कोणती?

‘हायब्रिड घेतली आणि फसला बिचारा. बॅटरी गेली, आता लाखांचा खड्डा!’ गोंदियात उन्हाळा तापला की हे वाक्य हमखास कानावर पडतं. लग्नाच्या मांडवात पडतं, राईस मिलच्या ऑफिसात पडतं, गोरेगाव-आमगावच्या गॅरेजातही पडतं. थोडी चौकशी केली की कहाणी बहुतेक वेळा एकच निघते. गाडी पंधरा-वीस दिवस अंगणात उभी होती. मंडळी बाहेरगावाहून आली, बटण दाबलं, डॅशबोर्डवरचे दिवे फडफडले, आतून टिकटिक आवाज आला आणि सगळं गप्प. मग कुणीतरी निदान केलं की मोठी बॅटरी संपली, आणि गाडी ट्रकवर चढवून नागपूरला न्यायची तयारी सुरू झाली.

या निदानाचा मला मनापासून राग येतो. कारण अशा वेळी संपलेली असते ती बहुतेकदा दुसरीच बॅटरी. ती साध्या गाडीत असते तशीच १२ व्होल्टची, शिशाची आणि काही हजारांत मिळणारी. हायब्रिड गाडीत दोन बॅटऱ्या असतात, ही एवढी गोष्ट गाडी विकताना कुणी नीट सांगत नाही. माहितीपत्रकात मोठीचं कौतुक असतं, छोटीचा उल्लेखही सापडत नाही.

‘एवढी मोठी बॅटरी असताना छोटी कशाला?’ हा पुढचा प्रश्न मात्र रास्त आहे. मोठी बॅटरी चाकं फिरवते आणि इंजिनही तीच चालू करते. हायब्रिडमध्ये वेगळा सेल्फ नसतो, मोटरच इंजिनाला फिरवते. भारतात २०१० साली आलेल्या टोयोटा प्रियसची मोठी बॅटरी २०१.६ व्होल्टची होती, अर्बन क्रूझर हायरायडरची १७७.६ व्होल्टची आहे. वाहनांच्या विद्युत सुरक्षेचा संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक १०० तर डीसी ६० व्होल्टच्या वर गेला की त्याला उच्च दाबच मानतो. म्हणून गाडी बंद केली की मोठ्या बॅटरीच्या तोंडाशी असलेले जाडजूड रिले, म्हणजे विजेने चालणारे स्विच, उघडतात आणि तो सगळा दाब तिच्या पेटीतच कोंडला जातो. अपघातात एअरबॅग फुटल्यावरही हेच होतं, म्हणून मदतीला धावलेला माणूस सुरक्षित राहतो. आता हे रिले पुन्हा जोडायचे तर त्यांच्या कॉइलला वीज हवी. ती छोट्या बॅटरीतून येते. गाडीचे सगळे कॉम्प्युटर, दारांची कुलपं, दिवे, चावी ओळखणारा रिसीव्हर, सगळं १२ व्होल्टवरच चालतं. छोटी बॅटरी बसली की मोठी काठोकाठ भरलेली असली तरी तिच्यापर्यंत पोचायची वाटच बंद. यात बनावटीचा दोष नाही, मुद्दाम केलेली सोय आहे.

गाडी एकदा ‘रेडी’ म्हणजे चालायला तयार झाली की मोठ्या बॅटरीचा दाब उतरवून साधारण १४ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर छोटीला चार्ज करत राहतो. आपल्याकडे ज्याला डायनामो म्हणतात त्याचं काम तोच करतो. पण गाडी बंद असताना तोही बंद. म्हणजे उभ्या गाडीत मोठी छोटीला काहीच देत नाही, आणि चावीचा रिसीव्हर, अलार्म, घड्याळ मात्र छोटीतून थेंब-थेंब वीज घेतच राहतात. त्यात ही बॅटरी मुळात लहान. तिला सेल्फ मारायचा नसतो म्हणून कंपनी ती लहानच देते. वर गोंदियाचा मे महिना, पारा ४४-४५ अंशांवर आणि उन्हात बंद उभ्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त. तापमान दहा अंशांनी वाढलं की शिशाच्या बॅटरीचं आयुष्य सुमारे निम्मं होतं, हा बॅटरीवाल्यांचा जुना आडाखा आहे. आपल्या भागात ती लवकर दगा देते, त्याचं कारण एवढंच.

दोन्हींची लक्षणं वेगळी असतात, आणि ती ओळखायला कॉम्प्युटर लागत नाही. छोटी बसली असेल तर रिमोटने दार उघडत नाही, दिवे मंद पेटतात, एकमेकांशी संबंध नसलेल्या पाच-सहा चेतावण्या एकदम दिसतात आणि गाडी ‘रेडी’ होतच नाही. मोठी थकली असेल तर गाडी बहुधा चालू होते, चालते. पण मायलेज घसरतं, पडद्यावरचा चार्ज भराभर चढतो-उतरतो, तिला थंड ठेवणारा पंखा जोरात घुमतो आणि हायब्रिड यंत्रणेची चेतावणी येते. खात्री हवी असेल तर कोणत्याही इलेक्ट्रिशियनकडचा मल्टिमीटर घ्या आणि छोटीच्या टर्मिनलला लावा. गाडी बंद असताना १२.६ च्या आसपास असेल तर ती धड आहे. १२ च्या खाली गेली असेल तर शोध तिथेच संपवा. राहता राहिली मोठी. टोयोटा, मारुती आणि होंडा या तिन्ही कंपन्या भारतात पूर्ण हायब्रिडच्या मोठ्या बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात. दोन-तीन वर्षांच्या गाडीसाठी ‘लाखांचा खड्डा’ म्हणणाऱ्याने आधी ते पान वाचावं.

छोटी असते कुठे, यावर मात्र भले भले मिस्त्री अडतात. बोनेट उघडायचं, बॅटरी दिसली नाही की गाडी ‘वेगळीच आहे’ म्हणून हात वर करायचे. जुन्या प्रियसमध्ये ती डिक्कीत, उजव्या बाजूच्या आच्छादनाखाली होती. कॅमरी हायब्रिडमध्येही डिक्कीतच. २०१५ मध्ये जपानात आलेल्या नव्या पिढीच्या प्रियसमध्ये तीच बॅटरी बोनेटखाली आली. नाव एकच असूनही जागा बदलते, तेव्हा अंदाज नको. गाडीसोबत आलेलं पुस्तक काढा, त्यात १२ व्होल्टची बॅटरी उतरल्यास काय करायचं याचं प्रकरण असतं. प्रियसची डिक्की विजेवर उघडते, म्हणजे बॅटरी बसली की बॅटरीपर्यंत जायचं दारच बंद. त्यावर उपाय दिलेला आहे: रिमोटच्या पोटात लपलेली लोखंडी किल्ली काढून ड्रायव्हरचं दार उघडा, बोनेट उघडा, फ्यूजच्या पेटीत लाल टोपणाखाली असलेल्या टर्मिनलला बाहेरून १२ व्होल्ट द्या. डिक्की उघडते आणि बहुतेकदा गाडीही ‘रेडी’ होते, कारण इथे इंजिन फिरवायचं नसतं, फक्त कॉम्प्युटर आणि रिले जागे करायचे असतात. खिशात मावणारा जम्प स्टार्टरही त्याला पुरतो. लाल वायर टर्मिनलला, काळी गाडीच्या उघड्या धातूला.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. कोहमारा किंवा देवरीजवळ राष्ट्रीय महामार्ग ५३ वर गाडी अडली तर पहिला ट्रकच थांबतो आणि ड्रायव्हर भल्या मनाने वायर काढतो. मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते. ती जोडली तर महागडे कॉम्प्युटर जळतील आणि तेव्हा खरोखरच मोठा खर्च निघेल. जम्प घ्यायचा तो कारकडून किंवा १२ व्होल्टच्या ट्रॅक्टरकडून.

छोटी बॅटरी बदलायची असेल तर गाडी बंद करा, चावी गाडीपासून लांब ठेवा, हातातलं कडं आणि अंगठी काढा. आधी काळी म्हणजे निगेटिव्ह तार सोडवा, मग लाल. बसवताना आधी लाल, मग काळी. बहुधा दहा नंबरचा पाना पुरतो. लाल-काळी उलटी लागली तर फ्यूज, कदाचित कन्व्हर्टरही जातो. डिक्कीतल्या बॅटरीला एक बारीक नळी असते, ती पुन्हा लावायला विसरू नका. चार्ज होताना निघणारा हायड्रोजन ती बाहेर नेते, आणि हवेत अवघा ४ टक्के हायड्रोजन साचला तरी ठिणगीने भडका उडू शकतो. म्हणूनच आतल्या जागेसाठी एजीएम जातीची, नळीची सोय असलेलीच बॅटरी घ्यायची. ‘कोणतीही १२ व्होल्टची चालते’ म्हणून पाणी टाकायची उघडी बॅटरी डिक्कीत बसवणं म्हणजे बसणाऱ्यांच्या पाठीशी ॲसिड आणि गॅस ठेवणं. ते करू नका, कुणी कितीही स्वस्त देवो.

उरलेले गैरसमज लहान आहेत. ‘हायब्रिडला हात लावला की शॉक बसतो’ : १२ व्होल्टने बसत नाही, नारिंगी आवरणाच्या वायरी तेवढ्या मोठ्या बॅटरीच्या, त्यांना प्रशिक्षित माणसाशिवाय कुणी हात लावू नये. ‘धक्का स्टार्ट करू’ : होत नाही, कंपनीच्या पुस्तकात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. ‘दोरीने टोचन करून नेऊ’ : पुढची चाकं जमिनीवर फिरत राहिली तर मोटर वीज तयार करते आणि यंत्रणा बिघडू शकते, चाकं उचलून किंवा पूर्ण ट्रकवर चढवूनच न्या. ‘आमची अर्टिगा हायब्रिडच आहे, म्हणजे हे सगळं तिलाही लागू’ : नाही, ती माईल्ड हायब्रिड, तिच्यात उच्च दाबाची बॅटरी नसते. ‘हायब्रिडने दुसऱ्या गाडीला जम्प दिला तर काय बिघडतं’ : कन्व्हर्टरवर नको तेवढा भार पडतो, देऊ नका.

‘उभी ठेवायची तर रोज बटण दाबून दोन मिनिटं गाणी लावावीत.’ हे उलट घातक. ब्रेक न दाबता बटण दाबलं तर फक्त ॲक्सेसरी चालू होते, छोटी चार्ज न होता आणखी उतरते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये टोयोटाच्या ब्रिटनमधील कंपनीने ग्राहकांना आठवड्यातून एकदा गाडी तासभर ‘रेडी’ ठेवायला सांगितलं होतं. ते मोकळ्या जागेत करा, बंद गॅरेजात नको, कारण इंजिन मध्येच आपोआप सुरू होतं आणि धूर सोडतं.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत गोळा होईल आणि नोंदणीकृत ठिकाणीच तिच्यावर प्रक्रिया होईल हे पाहण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवी घेताना ती दुकानातच द्या. मोडून वितळवलेलं शिसं विहिरीच्या पाण्यात उतरतं आणि त्याचा सगळ्यात मोठा फटका लहान मुलांच्या मेंदूला बसतो.